कटाहद्वीपाची ओळख : मलेशियातील केदाह राज्य आणि भुजंग खोरे

मलेशियाच्या सहलीस जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी क्वालालंपूर व बाटू गुंफा पाहून लंकावी बेटावर दोन-तीन दिवस घालवितात आणि परत फिरतात. लंकावी ज्या केदाह राज्यात मोडते, त्या राज्याच्या मुख्य भूमीवर मात्र त्यांचे पाऊल क्वचितच पडते. वास्तविक त्याच भूमीवर, जेराई पर्वताच्या पायथ्याशी, हजार वर्षांपूर्वीच्या शिवमंदिरांची व बौद्ध वास्तूंची जोती आजही उभी आहेत. संस्कृत कथावाङ्मयातील 'कटाहद्वीप' आणि चोळांच्या शिलालेखांतील 'कडारम्' ते हेच. या राज्यातील पाहण्याजोगी स्थळे कोणती, तेथे नेमके काय शिल्लक आहे आणि ते कोणत्या दृष्टीने पाहावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

भौगोलिक स्थान

मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या वायव्य कोपऱ्यात केदाह राज्य वसलेले आहे. उत्तरेस पर्लिस हे छोटे राज्य व थायलंडची सरहद्द, दक्षिणेस पेराक, नैर्ऋत्येस पेनांग आणि पश्चिमेस मलाक्काची सामुद्रधुनी अशा याच्या सीमा आहेत. क्षेत्रफळ सुमारे ९,५०० चौरस किलोमीटर असून २०२०च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास आहे. दूरवर पसरलेल्या भातशेतीमुळे यास मलेशियाचे भाताचे कोठार म्हणतात. मुडा पाटबंधारे योजना १९७०च्या सुमारास पूर्ण झाल्यापासून येथे वर्षाकाठी भाताची दोन पिके घेतली जातात.

या सपाट प्रदेशात समुद्राजवळ एकाकी उभा असलेला, सुमारे १,२०० मीटर उंचीचा जेराई पर्वत फार लांबून दिसतो. बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या नाविकांना हा पर्वत म्हणजे जमीन जवळ आल्याची खूण होती. त्याच्या दक्षिणेस मेरबोक व मुडा या दोन नद्यांची मुखे आहेत. पाऊस व वारे अनुकूल होईपर्यंत गलबते नांगरून ठेवण्यास अशी सुरक्षित जागा सामुद्रधुनीच्या तोंडाशी दुसरी सहज मिळत नसे. भुजंग खोऱ्याचे भाग्य या पर्वताने व या दोन नद्यांनी घडविले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

नाव व प्राचीन उल्लेख

'कटाह' या संस्कृत शब्दाचा अर्थ मोठे पसरट भांडे असा आहे. आपल्या घरातील 'कढई' हा शब्द याच कुळातील होय. सोमदेवाच्या कथासरित्सागरात देवस्मितेची कथा आहे. तिचा पती गुहसेन हा ताम्रलिप्ती येथील व्यापारी असून तो व्यापारासाठी कटाहद्वीपास जातो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये बसून लिहिणाऱ्या कवीला हे नाव परिचयाचे होते, यावरून त्या बंदराची ख्याती कुठवर पोहोचली होती याची कल्पना यावी. चिनी बौद्ध भिक्षू इत्सिंग यानेही सातव्या शतकात भारताकडे येताना येथे मुक्काम केला होता.

चोळ राजांशी या प्रदेशाचा संबंध मैत्रीचा व युद्धाचा असा दोन्ही प्रकारचा होता. श्रीविजय व कटाह यांवर राज्य करणाऱ्या शैलेंद्र राजाने, पहिल्या राजराज चोळाच्या संमतीने, नागपट्टणम् येथे चूडामणी विहार उभारला आणि त्या विहाराच्या खर्चासाठी राजराजाने एक गाव लावून दिले. पुढे सुमारे वीस वर्षांनी, इ. स. १०२५च्या सुमारास, राजराजाचा पुत्र राजेंद्र चोळ याने आरमार पाठवून श्रीविजयाच्या अनेक बंदरांवर स्वारी केली व कडारमचा राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन् यास पकडले. या विजयावरून राजेंद्राने 'कडारमकोंड' अशी पदवी धारण केली.

या स्वारीचे वर्णन करणारा तमिळ लेख तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आहे. सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेखही याच मंदिरात आहे. तो पाहण्यासाठी जे मराठी भाविक तंजावरास जातात, त्यांनी राजेंद्राच्या लेखाचीही आवर्जून चौकशी करावी.

भुजंग खोरे

मलय भाषेत या खोऱ्यास 'लेम्बाह बुजांग' म्हणतात. 'बुजांग' हा शब्द संस्कृत 'भुजंग' वरून आला असल्याचे सांगितले जाते. जेराईच्या पायथ्यापासून मुडा नदीपर्यंतच्या पट्ट्यात प्राचीन वास्तूंची पन्नासहून अधिक स्थळे आढळली आहेत. तेथील लोक अशा जुन्या देवळास 'चंडी' म्हणतात. हा शब्द मलेशिया व इंडोनेशियात हिंदू आणि बौद्ध अशा दोन्ही प्राचीन वास्तूंसाठी वापरला जातो. त्यामुळे 'चंडी' हे नाव ऐकून ते देवीचेच मंदिर असावे असा समज करून घेऊ नये.

या अवशेषांकडे आधुनिक काळात प्रथम लक्ष वेधले ते जेम्स लो या इंग्रज अधिकाऱ्याने. १८३४ साली त्यास केदाहलगतच्या, आज पेनांग राज्यात असलेल्या भागात पाचव्या शतकातील एक संस्कृत शिलालेख सापडला. रक्तमृत्तिका येथील बुद्धगुप्त नामक 'महानाविक' याचा हा लेख आहे. रक्तमृत्तिका म्हणजे बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातील एक प्राचीन स्थान, असे अभ्यासक मानतात. सफल यात्रेची प्रार्थना करणारा हा शिलालेख आता कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. १९३६-३७ साली क्वारिच वेल्स व त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी खोऱ्यात पद्धतशीर उत्खनन केले आणि स्थळांना क्रमांक दिले. हे क्रमांक आजही वापरात आहेत.

चंडी बुकित बाटू पहात

खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाचे मंदिर हे होय. 'बुकित बाटू पहात' याचा अर्थ छिन्नीने घडविलेल्या दगडाची टेकडी. मेरबोक गावाजवळ, झाडीत, वाहत्या ओढ्याच्या काठी हे मंदिर आहे. क्वारिच वेल्स यांच्या यादीतील याचा क्रमांक आठवा. १९५९-६० साली अलेस्टर लॅम्ब यांच्या देखरेखीखाली याची मूळ जागीच पुनर्रचना झाली. याच्या काळाविषयी सातव्यापासून अकराव्या शतकापर्यंत निरनिराळी अनुमाने आहेत.

मंदिराची रचना आपणास सहज ओळखू येईल. पश्चिम टोकास दगडी जोत्यावर विमानाची म्हणजे गाभाऱ्याची जागा, त्यापुढे मंडप आणि मंडपात खांबांच्या दगडी बैठका. खांब व छप्पर लाकडाचे असल्याने ते काळाच्या ओघात नाहीसे झाले. जोते ग्रॅनाइटचे असल्याने टिकले.

उत्खननात पायाखाली दगडी पेट्या मिळाल्या. त्यांत धातूची लहान भांडी, रत्नखडे व सोन्याच्या पत्र्याचे तुकडे होते. मंदिर बांधताना पायात पवित्र वस्तू ठेवण्याचा गर्भन्यासाचा विधी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पेट्यांचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. गाभारा रिता आहे, मूर्ती नाही, शिखर नाही, परंतु ज्या श्रद्धेने पहिला दगड ठेवला गेला तिचा पुरावा जमिनीखाली सुरक्षित राहिला.

मंदिराशेजारीच भुजंग खोरे पुरातत्त्व संग्रहालय आहे. इतर ठिकाणांहून हलवून आणलेल्या काही चंडींची जोती त्याच्या आवारात पुन्हा मांडली आहेत. आत शाळुंका, मंदिराचे दगडी भाग, मणी, चिनी मातीची भांडी व पश्चिम आशियातील काचेच्या भांड्यांचे तुकडे पाहावयास मिळतात. प्रथम संग्रहालय पाहून मग मंदिराकडे जावे, म्हणजे जोत्यावर उभे राहिल्यावर मूळ वास्तू डोळ्यांसमोर आणणे सोपे जाते.

सुंगाई बाटू येथील लोहभट्ट्या

भुजंग खोऱ्याची हकीकत केवळ देवळांची नाही. मेरबोकहून सुंगाई पेतानीकडे जाताना सुंगाई बाटू हे स्थळ लागते. २००९ पासून मलेशियातील सायन्स विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने येथे केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याच्या भट्ट्या, भात्याला जोडावयाच्या मातीच्या असंख्य नळ्या, जुन्या नदीकाठचे विटांचे धक्के आणि एक विधिवास्तू उजेडात आली. या विधिवास्तूचा तळ वर्तुळाकार असून त्यावर चौकोनी बांधकाम आहे. येथील सर्वांत जुन्या थरांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. काही संशोधक तो इसवी सनापूर्वीचा मानतात, तर काहींना ती तारीख फार मागे नेलेली वाटते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत येथे लोहनिर्मितीचा मोठा उद्योग होता, एवढे मात्र स्पष्ट आहे.

या शोधामुळे एक जुना समज बदलला. पूर्वीचे काही लेखक या खोऱ्यास भारतीयांची वसाहत म्हणत. आता असे दिसते की, येथील लोक लोखंड गाळीत होते, धक्के बांधीत होते, त्यांचे स्वतःचे राजे होते. भारतातून आलेले व्यापारी, भिक्षू व पुरोहित या समृद्ध बंदरात आले आणि स्थानिकांनी त्यांच्याकडून लिपी, देवता व वास्तुशास्त्र यांतले आपल्याला हवे ते घेतले. भाविकांनी हे अवशेष पाहताना अभिमान अवश्य बाळगावा, परंतु ती मंदिरे बांधणारे हात बहुशः त्याच मातीतले होते याचे भान ठेवावे. तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत येथील व्यापार ओसरला, नद्यांची पात्रे गाळाने भरली आणि प्रदेशाने इस्लामचा स्वीकार केला. पूजक उरले नाहीत आणि देवळे झाडीत गेली.

अकराव्या क्रमांकाची चंडी

या खोऱ्यातील एका घटनेचा उल्लेख केल्याविना पुढे जाणे उचित होणार नाही. २०१३च्या अखेरीस असे उघडकीस आले की, अकराव्या क्रमांकाची चंडी एका बांधकाम व्यावसायिकाने जमीन साफ करताना यंत्राने पाडून टाकली. जमीन खासगी मालकीची होती. चंडीस पुरातत्त्वाचा क्रमांक होता, अभ्यासकांना ती ठाऊक होती, परंतु मलेशियाच्या २००५च्या राष्ट्रीय वारसा कायद्याखाली संरक्षित स्थळ म्हणून तिची राजपत्रात नोंद झालेली नव्हती. हजार वर्षे ऊन-पाऊस सोसलेली वास्तू नोंदीअभावी गेली. मलेशियात याविरुद्ध मोठा क्षोभ झाला आणि उर्वरित स्थळांच्या संरक्षणाची मागणी पुढे आली.

विश्वस्त मंडळांवर काम करणाऱ्यांनी या घटनेचा विचार करण्यासारखा आहे. वास्तू प्राचीन असणे आणि कागदोपत्री ती प्राचीन म्हणून नोंदलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडील कित्येक गावांत शिवेवरच्या जुन्या घुमट्या, वीरगळ, बारवा यांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. पूजा चालू आहे तोवर त्यांना धोका जाणवत नाही. जमिनीचा मालक बदलला की तो जाणवतो. संबंधित पुरातत्त्व खात्याकडे छायाचित्र, मोजमाप व गट क्रमांकासह माहिती देऊन ठेवणे, हे जीर्णोद्धाराइतकेच महत्त्वाचे कार्य होय.

आलोर सेतार व परिसर

राज्याची राजधानी आलोर सेतार हे शहर सुलतान मुहम्मद जिवा यांनी १७३५ साली वसविले. शहराच्या मध्यभागी असलेली जहीर मशीद १९१२ साली बांधावयास घेतली गेली. काळ्या घुमटांची ही इमारत मलेशियातील सुंदर मशिदींत गणली जाते. समोरच 'बलाई बसार' हा दरबार महाल आणि त्याजवळ अष्टकोनी 'बलाई नोबत' आहे. 'नोबत' म्हणजे आपली नौबत. सुलतानाच्या राज्यारोहणादी प्रसंगी वाजणारी राजवाद्ये येथे ठेवतात. त्यांत नगाऱ्याच्या जातीचे वाद्य व सनईशी नाते सांगणारे 'सरुनाई' आहे. देवळाच्या नगारखान्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही वास्तू बाहेरून पाहतानाही आपलेपणा वाटेल.

मलेशियाचे पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान व चौथे पंतप्रधान महाथीर मोहम्मद या दोघांचाही जन्म याच शहरातला. महाथीर यांचे जन्मघर संग्रहालय म्हणून जतन केले आहे. शहरापासून जवळच गुनुंग केरियांग या चुनखडीच्या डोंगरापाशी भातशेतीचे संग्रहालय आहे. त्यात आजूबाजूच्या शेतांचे विशाल वर्तुळाकार चित्र रंगविले आहे. शहरातून दक्षिणेकडे गुरुनपर्यंत गेलेला वान मत समान कालवा १८८५च्या सुमारास खोदण्यास आरंभ झाला. त्याच्या काठाने मोटारीतून जाताना दोन्ही बाजूंस भातखाचरे दिसतात आणि कोकणाची वा गोव्याची आठवण होते. नदीमुखाशी क्वाला केदाह येथे अठराव्या शतकातील विटांचा किल्ला आहे. लंकावीस जाणाऱ्या बोटी येथूनच सुटतात.

लंकावी

लंकावी हा ९९ बेटांचा समूह असल्याचे मानले जाते. ओहोटीच्या वेळी त्यात आणखी काही बेटांची भर पडते. २००७ साली युनेस्कोने यास भू-उद्यान म्हणून मान्यता दिली. आग्नेय आशियातील हे पहिले भू-उद्यान होय. मत चिन्चांग पर्वतावर जाणारा रज्जुमार्ग व तेथील वक्राकार झुलता पूल, किलीम नदीतील चुनखडीचे कडे व खारफुटीची वने, तसेच दायांग बुन्तिंग हे गोड्या पाण्याचे सरोवर ही येथील मुख्य आकर्षणे आहेत.

महसुरीची समाधी मात्र चुकवू नये. महसुरी या पतिव्रतेवर खोटा आळ घेऊन तिला देहदंड देण्यात आला, तेव्हा तिच्या अंगातून शुभ्र रक्त वाहिले आणि तिने बेटास सात पिढ्यांचा शाप दिला, अशी लोककथा आहे. १८२१ साली सयामी सैन्याने केदाहवर आक्रमण केले, तेव्हा बेटावरील लोकांनी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून भाताचे साठे जाळले. पदांग मत्सिरत येथे पावसानंतर जळक्या भाताचे दाणे अजून दिसतात असे सांगतात. १९८७ साली लंकावीस करमुक्त दर्जा मिळाल्यानंतर तेथे पर्यटन वाढले, आणि शापाच्या सात पिढ्या संपल्या असे लोक म्हणू लागले.

प्रवासासाठी सूचना

१. पेनांगसमोरील बटरवर्थ येथून आगगाडीने सुंगाई पेतानी व आलोर सेतार या दोन्ही ठिकाणी जाता येते. भुजंग खोऱ्यासाठी सुंगाई पेतानी येथे मुक्काम करावा. तेथून मोटार ठरवून संग्रहालय, बुकित बाटू पहात व सुंगाई बाटू ही स्थळे एका दिवसात पाहून होतात.

२. केदाहमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार व शनिवारी असते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी अनेक ठिकाणे बंद राहतात. त्या बेताने कार्यक्रम आखावा.

३. शाकाहारी मंडळींनी तमिळ खाणावळी वा चिनी शाकाहारी उपाहारगृहे पाहावीत. मलय पद्धतीच्या साध्या पालेभाजीतही 'बलाचान' म्हणजे आंबविलेल्या कोळंबीचा गोळा घालण्याची प्रथा आहे. ऑर्डर देण्यापूर्वीच स्पष्ट विचारावे.

४. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस अधिक असतो. जानेवारी-फेब्रुवारी हा काळ कोरडा व प्रवासास सोयीचा. खोऱ्यात डास व जळवा असू शकतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद पादत्राणे घालावीत.

५. फलकांवरील काही शब्द लक्षात ठेवल्यास सोयीचे होते. सुंगाई म्हणजे नदी, गुनुंग म्हणजे पर्वत, बुकित म्हणजे टेकडी, क्वाला म्हणजे नदीमुख, बाटू म्हणजे दगड.

६. मशिदीत प्रवेश करताना अंगभर वस्त्रे असावीत व तेथील नियम पाळावेत. व्हिसाचे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी मलेशियाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.

७. चंडींच्या जोत्यांवर हार, कुंकू, तेल वा कापूर वाहू नये, नारळ फोडू नये. ती संरक्षित पुरातत्त्वीय स्थळे आहेत. ज्यांना दर्शन-पूजनाची इच्छा असेल, त्यांनी सुंगाई पेतानी येथील सुब्रह्मण्यस्वामींच्या देवस्थानात जावे. रबराच्या मळ्यांवर कामासाठी आलेल्या तमिळ बांधवांच्या वंशजांनी या प्रदेशात आपली देवळे आणि उत्सव जिवंत ठेवले आहेत.

बुकित बाटू पहातच्या जोत्यावर पाहण्यास फार काही नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. घाई करणारा प्रवासी दहा मिनिटांत परत फिरतो. परंतु मंडपाच्या टोकाशी थोडा वेळ उभे राहावे, रित्या गाभाऱ्याच्या दिशेने पाहावे आणि शेजारच्या ओढ्याचा आवाज ऐकावा. महिनोन्महिने समुद्रावर काढून सुखरूप किनाऱ्यास लागलेल्या माणसांनी याच परिसरात देवापुढे हात जोडले होते. लंकावीस जाणाऱ्या भाविकांनी आपल्या कार्यक्रमात या एका दिवसाची भर अवश्य घालावी.